मेलेल्या माणसांचे फोटो: तुमच्या घरात आहेत का?

मंजिष्ठा

'व्हिक्टोरियन काळात लोक मेलेल्या नातेवाइकांना लोखंडी स्टँडला टेकवून उभं करायचे आणि फोटो काढायचे' असं सांगणारी पोस्ट दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येते. सोबत भीतिदायक संगीत घातलेला व्हिडिओ. खाली लोक 'बापरे', 'आज झोप नाही' असं लिहितात. मला हे बघवत नाही. कुणाचं तरी गेलेलं लेकरू असतं ते. आणि पुष्कळदा तर फोटो काढताना ते चांगलं जिवंत होतं. म्हणून हा धागा.

प्रथा मात्र खरी होती. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेरची पद्धत जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडिनची वाफ, कॅमेऱ्यात प्रकाश दाखवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. सुरुवातीला कित्येक मिनिटं निश्चल बसावं लागे. लवकरच पेट्झवालची लेन्स आली, ब्रोमिन वापरायला लागले, वेळ मिनिटाच्या आत आला आणि युरोप-अमेरिकेत भराभर स्टुडिओ निघाले. तरी सामान्य माणूस आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच फोटो काढायचा. त्याच काळात इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर १००० मुलांपैकी साधारण १५० मुलं वर्षाच्या आत जायची. मूल गेलं की आईबापांच्या लक्षात येई, याचं एकही चित्र आपल्याकडे नाही. मग फोटोग्राफरला निरोप जायचा.

पैसेवाल्यांकडे हे आधीपासून होतं, फक्त चित्रकाराच्या हातून. चार्ल्स विल्सन पील या अमेरिकन चित्रकाराने १७७२ मध्ये देवीने गेलेल्या आपल्याच तान्ह्या मुलीचं चित्र काढलं आणि नंतर त्यात शेजारी रडणारी तिची आई रंगवली. कॅमेरा आल्यावर हे सुतार-शिंप्याच्याही आवाक्यात आलं.

माझं मत सांगते. त्या आईबापांना मृत्यूचा फोटो नकोच होता. त्यांना मुलाचा फोटो हवा होता आणि तेवढी एकच संधी उरली होती.

आता आपल्याबद्दल बोलू. तुमच्या घरात, गावात असे फोटो आहेत का? असतील तर कुठे आहेत? भिंतीवर, ट्रंकेत, की कुणी फाडून टाकले?

टपालपेटी

आमच्याकडे आहे. पणजीच्या मांडीवर मूल. रात्री सविस्तर लिहिते.

डार्करूम

आमचा स्टुडिओ होता, मिरजेकडच्या एका गावात. वडिलांनी साठच्या दशकात काढला. 'शेवटचा फोटो' हे आमच्याकडे नेहमीचं काम.

घरात म्हातारं माणूस गेलं आणि त्याचा फोटोच नाही, हे सर्रास व्हायचं. पहाटे कुणीतरी सायकलवरून येऊन दार वाजवायचं, "अण्णा, चला, तिरडी उचलायच्या आत फोटो पाहिजे." वडील कॅमेरा आणि फ्लॅशगन घेऊन निघायचे. आंघोळ घालून झाली की देह भिंतीला टेकवून बसवायचे. मान पडू नये म्हणून मागून पांढऱ्या धोतराच्या आडोशाने कुणीतरी धरायचं. पुरुष असेल तर डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं. बाई असेल तर पदर सारखा करायचा. नाकातला कापूस वडील स्वतः काढायचे आणि फोटो झाला की स्वतःच परत घालायचे. त्याला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना चालायचा नाही.

खरं काम त्यानंतरचं. निगेटिव्ह रिटचिंगच्या डेस्कवर, खालून उजेड. सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. गालाचे खड्डे, डोळ्यांखालच्या सावल्या बारीक बारीक ठिपक्यांनी भरायच्या. मग मोठी प्रिंट काढून तिच्यावर ब्रशचं काम. मागचं धोतर, धरणाऱ्याची बोटं रंगाने बुजवायची. सगळ्यात शेवटी डोळे उघडायचे. त्यासाठी वडील घरच्यांना विचारायचे, "यांचे डोळे कुणावर गेलेत?" मग तो मुलगा किंवा ती बहीण स्टुडिओत येऊन खुर्चीवर बसायची आणि वडील तिच्याकडे बघून गेलेल्या माणसाचे डोळे रंगवायचे. त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढायचा, त्यावरून कॉप्या. तेराव्याच्या आत काम द्यायचं हा शिरस्ता.

आमच्या भागात भिंतीवर हार घातलेले असे कितीतरी आजोबा टक्क उघड्या डोळ्यांनी बघतायत. ते डोळे त्यांच्या मुलाचे आहेत, हे नातवंडांना ठाऊक नाही.

केळफूल

डार्करूम, हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली आमच्या मोठ्या काकांचा फोटो असाच केलेला आहे. घरात इतकी वर्षं आहे आणि मला आज कळलं!

गावठाण

मला नाही पटत. मयताचा फोटो घरात ठेवू नये असंच आम्हाला सांगितलंय, आणि त्यात अंधश्रद्धेपेक्षा शहाणपण जास्त आहे असं माझं मत आहे. माझा भाऊ गेला तेव्हा कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. आईने ते सगळे डिलीट करायला लावले. म्हणाली, "मला तो बैलामागून शीळ घालत येताना आठवू दे." आता तिला विचारलं तर तो तसाच आठवतो. एक फोटो राहिला असता तर सगळ्या आठवणींवर तोच बसला असता.

मंजिष्ठा

गावठाण, तुमच्या आईचं म्हणणं अगदी मान्य. पण त्यांच्याकडे भावाचे दुसरे फोटो होते ना? ज्यांच्याकडे एकही नव्हता त्यांचं काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

गावठाण

दुसरे होते, खरंय. लग्नातला अल्बमच होता. एकही नसता तर आईने काय केलं असतं ते मी तिच्या वतीने सांगू शकत नाही.

काचपट्टी

जुने फोटो जमवणं आणि दुरुस्त करणं हे माझं कामच आहे. मंजिष्ठाताईंनी स्टँडचा विषय काढलाय तर तो एकदाचा संपवू या.

तो स्टँड जिवंत माणसांसाठी होता. खाली जड बैठक, वर बारीक दांडा, टोकाला मान टेकवायला चिमटा. काही सेकंद डोकं हलू नये एवढंच त्याचं काम. निर्जीव देहाचं वजन त्या दांड्याला पेलणं शक्य नाही. त्यामुळे फोटोत पायांमागे स्टँडची बैठक दिसली तर तो माणूस उभा होता, म्हणजे जिवंत होता. बाजारात मात्र त्याच पुराव्यावर तो 'मृत' म्हणून विकतात, कारण तसा फोटो महाग जातो.

पांढरट डोळ्यांचंही तेच. त्या काळच्या प्लेट निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. निळे डोळे त्यात जवळपास पांढरे येत. मग रिटचर बुबुळं काढायचा आणि आज लोक म्हणतात, "बघा, मेलेल्याचे डोळे रंगवलेत."

तिसरा प्रकार, चादर पांघरलेली आई. लहान मूल स्थिर बसत नाही म्हणून आईच खुर्ची होऊन, अंगावर कापड घेऊन मागे बसायची. असे फोटो ढिगाने सापडतात. तेही 'मृत बालक' म्हणून फिरतात. मूल मेलेलं असतं तर त्याला धरून बसायला आईला लपावं कशाला लागलं असतं?

खरे फोटो बहुतेक साधे असतात. बोस्टनच्या साउथवर्थ अँड हॉज या स्टुडिओतले साउथवर्थ यांनी १८७३ मध्ये आपल्या व्यावसायिक बांधवांना सांगितलं होतं की कपडे घालून सोफ्यावर निजवा आणि झोपल्यासारखं दिसू द्या. सुरुवातीच्या काळात हीच पद्धत होती, चेहरा जवळून आणि डोळे मिटलेले. काही फोटोंत आईबाप किंचित हललेले, धूसर आणि मांडीवरचं मूल मात्र लख्ख. तिथे मी नेहमी थांबतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे चेहरा लांब गेला आणि शवपेटी, फुलं, जमलेली माणसं पुढे आली.

दागेरची प्लेट एकच असायची, तिची प्रत निघत नसे. मखमली अस्तराच्या छोट्या डबीत आई ती जपून ठेवायची. पुढे कागदी फोटो आले आणि दूरच्या नातेवाइकांना पोस्टाने प्रती पाठवता येऊ लागल्या. मेक्सिकोत, हालिस्को प्रांतातल्या आमेका गावी, हुआन दे दिओस माचाईन नावाचा फोटोग्राफर होता. तिथे गेलेल्या मुलांना संतांचे कपडे आणि कागदी फुलांचे मुकुट घालून सजवायचे, कारण निष्पाप मूल थेट देवदूत होतं अशी श्रद्धा. त्याने काढलेले ते फोटो आजही अभ्यासले जातात.

आंबेमोहर

वाचनखूण साठवली. काचपट्टी, यावर स्वतंत्र लेख लिहाच.

बाणावली_लोकल

गोव्याच्या कॅथलिक घरांत हे लपवायची गोष्टच नव्हती. आमच्या अल्बममध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि मग शवपेटीभोवती उभं असलेलं सगळं घर, असे ओळीने फोटो आहेत. पेटी थोडी तिरकी करून ठेवायची म्हणजे चेहरा दिसतो. थोरले डोक्याशी, मुलं पुढे.

याचं कारण आमचे पुरुष. कुणी जहाजावर, कुणी नैरोबीत, नंतर कुवेतला. आई गेल्याची तार पोचेपर्यंत दफन उरकलेलं असायचं. मग पाकिटातून फोटो जायचा. माझे आजोबा तेव्हा मोंबासाला होते. त्यांच्या आईचा तसा फोटो त्यांनी शेवटपर्यंत प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला होता. त्यांनी तिला निरोप दिला तो त्या फोटोतूनच.

आता लाइव्हस्ट्रीम असतं. लिंक येते.

सुपारीकातर

वातावरण जड झालंय म्हणून आमच्या आजोबांची गोष्ट. ते म्हणायचे, "मी गेल्यावर तुम्ही आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावाल. मी सांगून ठेवतो, चालणार नाही." ऐंशी पार केल्यावर स्वतः स्टुडिओत गेले. कोट घातला, टोपी तिरकी केली, तीन पोझ दिल्या. फ्रेमही करून आणली आणि कपाटात ठेवली. हाराची खिळा-सुतळीसुद्धा मागे अडकवून ठेवली होती! आजी चिडून म्हणाली, "हे काय अभद्र!" दुसऱ्या दिवशी तीही शालू नेसून स्टुडिओत. आता दोघं शेजारी शेजारी आहेत, आणि काय सुंदर दिसतात.

डार्करूम

सुपारीकातर, तुमच्या आजोबांसारखं गिऱ्हाईक मिळालं असतं तर वडिलांचा ब्रश वाचला असता :)

लेकसाईड

इथे शिकागोजवळ एका हॉस्पिटलमध्ये नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे. या धाग्यावर लिहू की नको, दोनदा विचार केला.

ही प्रथा संपली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती संपलेली नाही. बाळ पोटातच गेलं किंवा जन्मून काही तासांत गेलं तर आम्ही आईबापांना विचारतो, फोटो हवेत का? अमेरिकेत त्यासाठी 'नाऊ आय ले मी डाऊन टू स्लीप' नावाची संस्था आहे, २००५ मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेली. व्यावसायिक फोटोग्राफर विनामूल्य येतात. फोटो बहुतेक कृष्णधवल करतात, कारण त्वचेचा बदललेला रंग त्यात कळत नाही. मुठीत आईचं बोट, बाबांच्या तळहातावर पावलं, टोपीखालचं जावळ. खाली थंड राहणारी गादी असलेला पाळणा असतो, त्यामुळे आईबापांना बाळाजवळ जास्त वेळ मिळतो.

पुष्कळजण आधी नको म्हणतात. तेव्हा आम्ही आग्रह करत नाही, पण नर्स स्वतः काही फोटो काढून, त्यांना सांगून, पाकिटात बंद करून ठेवते. काहीजण ते पुढे कधीतरी मागायला येतात. एक भारतीय आई आली होती, मुलीचा पहिला वाढदिवस असता त्या आठवड्यात. पाकीट तिथेच उघडलं आणि पहिलं वाक्य बोलली, "नाक हिच्या आजीचं आहे."

गावठाण, तुमच्या आईकडे शीळ घालणारा मुलगा आहे. या आयांकडे आठवायला तेवढा एक दिवसच असतो.

सांजवेळ

लेकसाईड, तुमचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं. एरवी फक्त वाचते.

माझं बाळ आठव्या महिन्यात गेलं. पुण्यातलंच हॉस्पिटल. मला दाखवलंच नाही. "बघू नकोस, त्रास होईल" असं डॉक्टर, सासूबाई, सगळे म्हणाले आणि मी भुलीत होते. नवरा आणि दीर जाऊन सगळं करून आले. मुलगा होता एवढं मला माहीत आहे. नवऱ्याने पाहिलंय. मी त्याला विचारते, कसा होता? तो म्हणतो, छान होता. त्यापुढे त्याला बोलता येत नाही.

कुणी वाईट हेतूने केलं नाही. पण मला विचारायला हवं होतं. फोटो असता तर मी तो रोज बघितला असता का? कदाचित एकदाही नसता. पण आहे हे माहीत असतं.

मंजिष्ठा

सांजवेळ, लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत हे विचारण्याची पद्धत पडली पाहिजे, असं मला आता फार तीव्रतेने वाटतंय. इथे कुणी स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर कृपया लिहा.

चष्मेबद्दूर

मी भूलतज्ज्ञ आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, पण लेबर रूममध्ये रोज असतो. 'आईला दाखवू नका' हे बहुतेक वेळा नातेवाईकच सांगतात आणि स्टाफला तेच सोपं पडतं. निर्णय आईचा आहे. आमच्याकडे दोन सिस्टर आता शुद्धीवर आल्यावर आईला स्वतः विचारतात. फोटोचं मात्र अजून कुणाच्या डोक्यात नव्हतं. हा धागा त्यांना दाखवतो.

कोकणकडा

एक मुद्दा राहतोय, संमतीचा. घरच्यांनी बोलावलेला फोटोग्राफर वेगळा आणि घुसलेला वेगळा.

१८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क गेला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री खिडकीतून त्याच्या खोलीत शिरले आणि देहाचा फोटो काढला. कुटुंबाने कोर्टात खेचलं, फोटो जप्त झाला, दोघांना तुरुंगवास झाला. त्या प्रकरणाच्या चर्चेतून पुढे १९०७ च्या जर्मन कायद्यात माणसाचा स्वतःच्या चित्रावरचा हक्क आला. लिंकनचंही तसंच. १८६५ मध्ये न्यूयॉर्कला शवपेटीतला फोटो काढला गेला, युद्धमंत्री स्टँटनने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. एक वाचली आणि १९५२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या संग्रहात एका शाळकरी मुलाला सापडली.

आणि आपण काय करतो? अपघात झाला की पोलिसांच्या आधी फोटो ग्रुपवर. मयताला गेलेला माणूस चेहऱ्याचा फोटो काढून स्टेटसला लावतो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एका मैत्रिणीला वडील गेल्याचं असंच, दुसऱ्याच्या स्टेटसवरून कळलं. ही त्या जुन्या फोटोंची परंपरा नाही. त्या फोटोंच्या प्रती मोजक्या असत आणि कुणाकडे आहेत ते घरच्यांना माहीत असे.

गावठाण

कोकणकडा +१. माझा राग खरं तर यावरच आहे.

बाणावली_लोकल

कोविडमध्ये मात्र वॉर्डबॉयने पाठवलेला तो एक फोटोच कित्येकांच्या हाती आला. माझ्या मावशीचा तसाच आहे. देह गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीची चेन थोडी खाली ओढून काढलेला. कोण होता तो मुलगा कुणास ठाऊक, पण त्याचे उपकार आहेत.

हुगळीकाठ

माहेर मराठी, सासर बंगाली. तिकडे गेलेल्या माणसाच्या तळपायांना आळता लावून कागदावर ठसे घेतात आणि ते फ्रेम करून ठेवतात. आमच्या घरी आजेसासूबाईंचे आहेत.

फोटोबद्दल म्हणाल तर रामकृष्ण परमहंसांचा आहे. १६ ऑगस्ट १८८६, काशीपूरची बाग. डॉ. महेंद्रलाल सरकार आले, त्यांनी फोटो काढा असं सुचवलं आणि त्यासाठी १० रुपये दिले. खाटेवर फुलांनी सजवलेला देह आणि मागे सगळे शिष्य, त्यात तरुण नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद.

आणि महाराष्ट्रात लोकमान्य! १ ऑगस्ट १९२० ला मुंबईच्या सरदारगृहात ते गेल्यावर त्यांचा देह पद्मासनात बसवून दर्शनाला ठेवला होता. ते छायाचित्र मी शाळेत असताना पाहिलंय आणि कुणाला त्यात काही अभद्र वाटल्याचं आठवत नाही.

घाटमाथा

अवांतर: देवघरातला पितरांचा टाक याच कुळातला म्हणायचा का? आमच्याकडे चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठावाची आकृती आहे, घोड्यावरचा पुरुष. तो आमचा मूळ पुरुष, असं सांगतात. चेहरा कुणासारखाही नाही, पण दसऱ्याला त्याला नैवेद्य लागतोच.

काचपट्टी

घाटमाथा, चांगला मुद्दा. फरक इतकाच की टाकाला चेहरा मिळताजुळता असण्याची गरज नव्हती. फोटोने ती सवय लावली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली, भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे फार उशिरा आला असं नाही. सामान्य घरात यायला मात्र शंभर वर्षं गेली, म्हणून डार्करूमच्या वडिलांना ते काम होतं.

टपालपेटी

लिहायचं म्हटलं होतं, उशीर झाला.

फोटो विदर्भातल्या आमच्या जुन्या घरातून आला. पणजी खुर्चीवर, मांडीवर दीडेक वर्षांची मुलगी, हातात पाटल्या, कपाळाला काजळाची तीट. घरात सगळे म्हणायचे, झोपलीय. आत्याआजी गेल्या वर्षी म्हणाली, झोपलेली नव्हे, ती देवीत गेली. पणजीची नजर कॅमेऱ्याकडे नाही, मुलीकडेही नाही. तीट मात्र लावलेली आहे. गेलेल्या मुलीला दृष्ट लागू नये म्हणून.

माझा चुलतभाऊ म्हणतो नदीत सोडून दे. मी सोडणार नाही. पण आता व्यवहाराचा प्रश्न: फोटोच्या कडांना चंदेरी चमक आलीय आणि मागचा पुठ्ठा तपकिरी होऊन कुरकुरीत झालाय. पुठ्ठ्यापासून सोडवू का? सोबत त्याच घरातल्या दोन काचेच्या निगेटिव्हही आहेत.

काचपट्टी

अजिबात सोडवू नका. ती चमक चांदी वर आल्याची आहे, ती पुसू नका, कापूसही लावू नका. आधी स्कॅन करा, निदान ६०० डीपीआय, रंगीत मोडमध्ये, आणि मूळ फाइलवर काहीही सुधारणा करू नका. मग आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. चिकट पानांच्या अल्बममध्ये किंवा साध्या प्लास्टिकमध्ये नको. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर त्या काढा. फोटोच्या मागे पेनने लिहू नका. पाकिटावर, फोटो आत घालायच्या आधी, मऊ पेन्सिलीने नावं लिहा. आत्याआजींना त्या मुलीचं नाव माहीत असेल तर आत्ताच विचारून घ्या.

डार्करूम

काचा आडव्या एकावर एक ठेवू नका, लांब कडेवर उभ्या ठेवा, प्रत्येकीला वेगळं पाकीट. ज्या बाजूला चकाकी कमी तिकडे इमल्शन, म्हणजे चित्राचा थर असतो, तिथे बोट लावायचं नाही. काच फक्त कडांनी धरायची. वडिलांचं लाइटटेबल माझ्याकडे अजून चालू आहे. कोल्हापूर-सांगलीकडे येणं झालं तर घेऊन या, समोर बसून स्कॅन करून देतो.

टपालपेटी

नक्की येते. दिवाळीनंतर फोन करते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. आत्याआजीला विचारलं. नाव यमू.